बिरसीच्या धावपट्टीवरचं गणित

गोंदिया शहराजवळच्या बिरसी विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटर उंचीवर आहे. पण मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी पारा ४५ अंशांवर गेला, की तिथून उडणाऱ्या छोट्या विमानाला मिळणारी हवा सुमारे १,५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ झालेली असते. धावपट्टी आहे तिथेच असते, पण इंजिनाच्या आणि प्रॉपेलरच्या लेखी ती महाबळेश्वरच्याही वर गेलेली असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही आणि विमानातल्या बहुतेक घड्याळांवरही उमटत नाही. तो कळतो तो हिशेबातूनच. असा हिशेब करणारी जी सॉफ्टवेअर आहेत ती आतून कशी चालतात, कुठे खरी उतरतात आणि कुठे चुकतात, हे गोंदियाच्या हवेचा आधार घेऊन समजून घेण्यासारखं आहे.

बिरसीचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधला. पुढे कित्येक वर्षं तो बहुतेक निपचितच होता. आज तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि सिम्युलेटर बनवणारी कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. डायमंड कंपनीची एका इंजिनाची डीए-४० आणि दोन इंजिनांची डीए-४२ ही विमानं तिथले शिकाऊ वैमानिक चालवतात. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीनंही हिवाळ्यातल्या धुक्यापासून सुटका म्हणून गोंदियाचा आसरा घेतला. धुकं कमी, आकाश मोकळं आणि सव्वादोन किलोमीटरच्या आसपास लांब धावपट्टी, यामुळे शिकण्यासाठी जागा उत्तमच. पण इथल्या हवेचे दोन टोकांचे स्वभाव आहेत. जानेवारीत विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत गोंदियाचं नाव वारंवार येतं आणि मे महिन्यात तेच गाव भाजून निघतं.

सॉफ्टवेअरचं पहिलं काम या हवेचं वजन काढण्याचं. प्रमाण मानलेल्या दिवशी, म्हणजे समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानाला, एक घनमीटर हवा १.२२५ किलो भरते. उन्हाळ्यात आपल्या भागातला हवेचा दाबही उतरलेला असतो. धावपट्टीवर ९६८ हेक्टोपास्कल दाब आणि ४५ अंश तापमान धरलं, तर तीच घनमीटरभर हवा १.०६ किलो भरते. म्हणजे साडेतेरा टक्के घट. जानेवारीच्या पहाटे १० अंशांना ती १.२ किलोच्या थोडी वर असते. हा भाग सोपा आहे. शाळेतल्या विज्ञानात वायूचे नियम शिकलेला कुणीही तो कागदावर करू शकेल.

खरी अडचण इंजिनापाशी सुरू होते. पिस्टनचं इंजिन दर फेरीला ठरावीक आकारमानाची हवा ओढतं. हवा विरळ झाली की त्या आकारमानात प्राणवायू कमी येतो, मग इंधनही त्या बेतानंच जाळावं लागतं आणि ताकद घटते. किती घटते? १९३४ मध्ये गॅग आणि फेरार या दोघांनी यासाठी एक सूत्र मांडलं आणि ते आजही बहुतेक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. हवेच्या घनतेचं प्रमाण हवेशी गुणोत्तर काढायचं, त्याला १.१३२ नं गुणायचं आणि त्यातून ०.१३२ वजा करायचे. ही वजाबाकी महत्त्वाची. हवा कितीही विरळ झाली तरी पिस्टन, बेअरिंग आणि पंप यांचं घर्षण फारसं कमी होत नाही, त्यामुळे ताकद घनतेपेक्षा जास्त वेगानं उतरते. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला हे सूत्र लावलं, तर मे महिन्यातल्या बिरसीला उत्तर येतं सुमारे १५२ अश्वशक्ती.

पण इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्त्यांवरून तोच हिशेब केला, तर १६३ च्या आसपास आकडा येतो. एकच इंजिन, एकच दुपार आणि तरी अकरा अश्वशक्तींचा फरक! कारण तक्त्यांमध्ये दाबाचा आणि तापमानाचा परिणाम वेगळा धरलेला असतो. तापमानासाठी पूर्ण गुणोत्तर न घेता त्याचं वर्गमूळ घेतात. बाहेरची हवा थंड असो वा गरम, सिलिंडरकडे जाताना ती तापलेल्या धातूला लागून आणखी गरम होतेच. आधीच गरम असलेली हवा वाटेत त्या मानानं कमी तापते आणि म्हणून उन्हाचा फटका नुसत्या घनतेवरून वाटतो तेवढा बसत नाही. एखादं सॉफ्टवेअर ‘घनता-उंची’, म्हणजे तितकीच विरळ हवा प्रमाण दिवशी ज्या उंचीवर असते, एवढा एकच आकडा घेऊन इंजिनाची ताकद सांगत असेल, तर ते उन्हाळ्यात निराशेकडे झुकलेलं उत्तर देतं. मला स्वतःला ही चूक चालते, कारण ती सुरक्षिततेच्या बाजूची आहे. पण ती चूक आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक हवं.

पावसाळ्यात चूक उलट्या बाजूला जाते. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. रोवणीच्या दिवसांत ३० अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रता असेल, तर हवेची घनता दीड टक्क्याच्या आसपासच घटते. पण वाफेनं हवेत जागा अडवलेली असते आणि त्या जागेत प्राणवायू नसतो. इंजिनाला मिळणारा प्राणवायू जवळपास चार टक्क्यांनी कमी होतो. आर्द्रता फक्त घनतेच्या हिशेबात धरणारं किंवा मुळीच न धरणारं सॉफ्टवेअर इथे इंजिनाला आहे त्याहून बलवान ठरवतं. धानाच्या पट्ट्यात, बांध्या पाण्यानं भरलेल्या असताना, हा मुद्दा पुस्तकापुरता राहत नाही.

इतकी ताकद जाते, तर वैमानिकाला ती समोर दिसत का नाही? डीए-४० सारख्या विमानात इंजिनाची स्थिती मुख्यतः दोन आकड्यांवरून वाचतात: इंजिनाचे फेरे आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. फेरे एक नियंत्रक पकडून ठेवतो. उड्डाणाच्या वेळी ते २,७०० म्हणजे २,७०० च. दाबाचं घड्याळ फक्त दाब सांगतं. जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत हवेच्या वजनाचा फरक बारा टक्के असला, तरी दाबाचा फरक टक्काभरच असतो. बाकीचा सगळा फरक तापमानाचा आणि तो त्या घड्याळावर उमटत नाही. स्थिर कोनाचा प्रॉपेलर असलेल्या सेसना १५२ सारख्या विमानातही तेच. इंजिनाचा जोर कमी होतो, पण विरळ हवेत प्रॉपेलर फिरवायला जोरही कमी लागतो, त्यामुळे फेरे जवळपास तेवढेच दिसतात. विमानसुद्धा वेगाच्या घड्याळाच्या नेहमीच्याच आकड्यावर उचललं जातं, कारण ते घड्याळ हवेचा रेटा मोजतं. जमिनीवरचा खरा वेग मात्र सात-साडेसात टक्के जास्त असतो. सगळी घड्याळं रोजच्यासारखी, विमान मात्र दुबळं. उड्डाणाआधी आकडेमोड करायची ती यासाठी.

आता प्रॉपेलर. त्याचं पातं म्हणजे गोल फिरणारा पंखच. राइट बंधूंना हे फार लवकर उमगलं होतं. जहाजांच्या प्रॉपेलरची माहिती त्यांच्या कामी आली नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या वायुबोगद्यातल्या मोजमापांवरून पातं घडवलं. १९०३ च्या त्यांच्या विमानाचे प्रॉपेलर इंजिनाच्या ताकदीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उपयोगी ओढीत बदलत होते. आजचे चांगले प्रॉपेलर ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत जातात. शंभराहून अधिक वर्षांत एवढीच मजल, यावरून त्या दोघांचं काम किती पक्कं होतं ते कळतं.

सॉफ्टवेअर पात्याचे मुळापासून टोकापर्यंत पंधरा-वीस तुकडे कल्पितं. प्रत्येक तुकड्यावर हवा कोणत्या कोनातून आणि किती वेगानं येते, हे काढतं आणि त्या तुकड्याची ओढ व अडथळा मोजून सगळ्यांची बेरीज करतं. १.८ मीटर व्यासाचा प्रॉपेलर मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे २५४ मीटर धावतं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाऊणपट. मुळाजवळ, केंद्रापासून ३० सेंटीमीटरवर, तोच वेग फक्त ८५ मीटर असतो. चढताना विमान सेकंदाला ३६ मीटर वेगानं पुढे जात असेल, तर टोकापाशी हवा साधारण ८ अंशांच्या कोनातून येते आणि मुळाजवळ २३ अंशांच्या. पातं पिळलेलं का असतं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. पुढे विमान सरळ उडताना वेग ६५ मीटरवर जातो, फेरे कमी केले जातात आणि पात्याच्या मुख्य भागावरचा कोन जवळपास दुप्पट होतो. म्हणून उडताना पात्याचा कोन बदलू शकणारे प्रॉपेलर आले. स्थिर कोनाच्या प्रॉपेलरला ही सोय नाही. जागेवर उभ्या सेसना १५२ चं इंजिन पूर्ण जोर लावूनही २,५५० ऐवजी २,३०० च्या आसपासच फेरे घेतं, म्हणजे उड्डाणाच्या क्षणी सर्वांत जास्त गरज असताना त्याची पूर्ण ताकद बाहेरच येत नाही.

या गणिताच्या दोन शाखा आहेत. एक रँकिन यांची, १८६५ ची. तिच्यात पाती विसरून प्रॉपेलर म्हणजे हवेला मागे ढकलणारी एक सपाट चकती मानतात. दुसरी पात्याचे तुकडे करण्याची, विल्यम फ्राउड आणि ड्रझेविएत्स्की यांची. १९१९ मध्ये बेट्झ यांनी सर्वांत कमी नुकसान करणाऱ्या पात्याची अट सांगितली, १९२९ मध्ये गोल्डस्टाइन यांनी तिचं गणित पूर्णत्वाला नेलं. पण ते हातानं सोडवणं इतकं किचकट होतं, की कारखान्यांतले अभियंते वायुबोगद्यातल्या चाचण्यांचे आलेख आणि स्लाइड-रूल यांवरच काम भागवत. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीचे युजीन लॅरबी यांनी ही पद्धत छोट्या गणकयंत्रावर चालेल इतकी सोपी केली. माणसाच्या पायांच्या जोरावर इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या गॉसमर अल्बट्रॉसचा प्रॉपेलर त्याच गणितातून आला. आज मार्क ड्रेला यांचं एक्सरोटर, मार्टिन हेपर्ले यांचं जावाप्रॉप अशी साधनं कुणालाही मिळतात.

चकतीचा सिद्धांत जुना असला तरी झटपट अंदाजाला अजून उत्तम आहे. १८० अश्वशक्ती आणि १.८ मीटर व्यास घेतला, तर प्रमाण दिवशी जागेवरच्या विमानाला जास्तीत जास्त ४९० किलोच्या आसपास ओढ मिळू शकते. बिरसीच्या मे महिन्यात तीच ४२० ते ४४० किलोवर येते. प्रत्यक्षातला प्रॉपेलर याहून बराच कमी ओढतो. आणि जागेवर उभ्या असलेल्या विमानाच्या ओढीचा अंदाज हा सगळ्याच सॉफ्टवेअरचा कच्चा दुवा आहे. त्या अवस्थेत पात्याच्या मोठ्या भागावरची हवा सुटलेली असते आणि सिद्धांताची गृहीतकं कोलमडतात. उड्डाणाच्या सुरुवातीच्या काही सेकंदांसाठी संगणकानं दिलेल्या आकड्यावर मी कमीच विश्वास ठेवीन.

शेवटची पायरी म्हणजे इंजिन आणि प्रॉपेलर यांचा मेळ. इंजिन देईल तितकीच ताकद प्रॉपेलर घेईल, असा बिंदू सापडेपर्यंत सॉफ्टवेअर आकडे पुन्हापुन्हा फिरवतं. मग त्यातून विमानाच्या चढण्याचा वेग निघतो आणि उन्हाळ्याचा खरा मार इथे दिसतो. महिन्याच्या पगारातून घरभाडं आणि किराणा ठरलेलाच असतो. पगार पंधरा टक्के कापला, तर शिल्लक पंधरा टक्क्यांनी कमी होत नाही, ती त्याहून बरीच जास्त आटते. विमानाचंही तसंच. १,१५० किलोचं विमान घेऊ. प्रॉपेलरचा उपयोग ७० टक्के आणि हवेचा अडथळा वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका धरू. प्रमाण दिवशी असं विमान सेकंदाला सुमारे ४.७ मीटर चढतं. मे महिन्यातल्या बिरसीला ते ३.२ ते ३.७ मीटरच चढेल. खालचा आकडा घनतेच्या सूत्राचा, वरचा कंपनीच्या तक्त्याच्या रीतीचा. ३०० मीटर उंची गाठायला मिनिटभराऐवजी दीड मिनिटापर्यंत वेळ लागतो. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं, तर ताकद निम्मी होते, पण चढण्याचा वेग ऐंशी टक्क्यांहून अधिक घटतो, तेही याच शिलकीच्या हिशेबानं.

धावण्याचं अंतरही ३० ते ३५ टक्के वाढतं, पण बिरसीला त्याची चिंता नाही. हलक्या विमानाला लागते त्याच्या कितीतरी पट धावपट्टी तिथे आहे. काळजी चढण्याची करायची.

टर्बो बसवलेल्या इंजिनांचं गणित वेगळं. डीए-४२ मध्ये जेटचंच इंधन पिणारी डिझेल इंजिनं असतात आणि त्यांचा टर्बो एका उंचीपर्यंत हवेची तूट भरून काढतो. ताकद कायम राहिली, तर नुसत्या विरळ हवेमुळे प्रॉपेलरची ओढ पाच टक्क्यांच्या आसपासच घटते. साडेतेरा टक्के विरळ हवेत हा तोटा किरकोळ म्हणावा. ज्या सॉफ्टवेअरला टर्बोचं आणि साध्या इंजिनाचं सूत्र वेगळं ठेवता येत नाही, ते अशा विमानासाठी निरुपयोगी आहे.

कोणताही अंदाज अखेर प्रत्यक्ष उडून तपासावा लागतो. अमेरिकेतले जॉन लाउरी यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात यासाठी एक देखणी रीत दिली. स्थिर कोनाच्या प्रॉपेलरच्या विमानाचे फक्त नऊ आकडे पक्के करायचे: काही मोजपट्टीनं, काही कंपनीच्या माहितीवरून आणि उरलेले शांत हवेतल्या थोड्या उड्डाणांवरून. मग कोणत्याही वजनाला, कोणत्याही उंचीवर विमान कसं वागेल ते साध्या स्प्रेडशीटमध्ये निघतं. पात्याचा आकार, पीळ, छेद यांतलं काहीही माहीत असण्याची गरज नाही. रोजच्या वापरासाठी मला ही रीत पात्याचे तुकडे करणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा सरस वाटते, कारण ती त्याच विमानाशी बांधलेली असते.

भारतातलं ताजं उदाहरण हंसा-एनजीचं. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं बनवलेलं हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिल्यांदा उडालं. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर. तिथल्या हवेत कितीही चाचण्या केल्या, तरी समुद्रसपाटीला विमान कसं वागेल हे आकडेमोडीनंच सांगावं लागलं असतं. म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये ते विमान पुद्दुचेरीला उडवत नेलं आणि समुद्रकाठच्या जड हवेत तपासलं. त्याचं रोटॅक्स इंजिन मिनिटाला ५,८०० पर्यंत फेरे घेतं. मधल्या गिअरमुळे प्रॉपेलर मात्र २,४०० च्या आतच फिरतो, नाहीतर पात्याची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडली असती.

स्वतः विमान घडवणाऱ्याला या सॉफ्टवेअरची गरज आणखी आधी पडते. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. असं विमान कागदावर असतानाच इंजिन किती ताकदीचं, प्रॉपेलर किती व्यासाचा, पाती किती, हे ठरवावं लागतं. विकत घेतलेला प्रॉपेलर इंजिनाशी जुळला नाही, तर नुकसान लाखांत जातं.

गोंदिया-नागपूरकडच्या अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना एक सुचवावंसं वाटतं. या लेखातले सगळे आकडे साध्या स्प्रेडशीटमध्ये बसतात. तुमच्या गावचं तापमान, दाब आणि आर्द्रता घालून वर्षाच्या बारा महिन्यांचा तक्ता करा; घनतेचं सूत्र आणि वर्गमुळाची रीत शेजारी शेजारी ठेवा; आर्द्रतेसाठी प्राणवायूची घट वेगळी लावा. विमानशास्त्राचा पाया यातून पक्का होईल आणि असा तक्ता मराठीत असेल, तर शाळेतल्या मुलांनाही तो वाचता येईल. मात्र प्रत्यक्ष उड्डाणासाठी वैमानिकानं मानायचा आकडा त्या विमानाच्या मंजूर उड्डाण-पुस्तिकेतलाच. सॉफ्टवेअरचं उत्तर पुस्तिकेपेक्षा चांगलं आलं, तर ते बाजूला ठेवायचं. वाईट आलं, तर वजन कमी करायचं किंवा पहाटेची वाट पाहायची.